तीन शब्दांच्या सासूबाई

माझ्या सासूबाई माझ्याशी आजवर तीनच शब्द बोलल्या आहेत. "अगं बाई, संपलं?" एवढेच. तेही मी या घरात यायच्या सहा वर्षं आधी, आणि मला उद्देशून नाहीतच. मैत्रिणींना सांगितलं की त्या म्हणायच्या, इतकी कमी बोलणारी सासू मिळायला नशीब लागतं. मीही हसायचे. मागच्या वर्षी ते तीन शब्द घरातून गेले आणि माझं हसू पार पळालं.

आधी ते आले कुठून ते सांगते. सासूबाई एका संगीत सभागृहाच्या दारावर तिकिटं फाडायचं काम करत. कार्यक्रम सुरू झाला की दार लावायचं आणि बाहेर स्टुलावर बसायचं, हा नियम. पण त्यांना ऐकायची भारी हौस. दार लावताना स्वतः आतल्या बाजूला राहायच्या आणि भिंतीला टेकून उभ्यानं ऐकायच्या. एकदा एका व्हायोलिनवाल्याच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग चाललं होतं. शेवटची धून अगदी संथ. शेवटचा सूर बारीक होत होत विरला, सगळं सभागृह श्वास धरून बसलेलं, आणि मागच्या भिंतीकडून सासूबाईंचा आवाज आला, "अगं बाई, संपलं?"

त्या वेळी आमचे हे तिथेच होते. वय वीस. सभागृहाच्या लिफ्टचं काम शिकत होते, हत्यारांची पिशवी घेऊन आईशेजारी उभे. लोक वळून बघायला लागले तशी ह्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर आईला म्हणाले, "लाज आणलीस. यापुढे वाजवणं चालू असताना आत येत जाऊ नकोस." त्या पुन्हा आत आल्या नाहीत. चार महिन्यांनी तापाचं निमित्त झालं आणि गेल्या.

त्यानंतर ती रेकॉर्ड निघाली. कंपनी छोटी, त्यांनी काही कापाकापी केली नव्हती. पुढे तिचीच डिस्क निघाली, तीही ह्यांनी घेतली. सासूबाईंचे फोटो आहेत चार-पाच. आवाज म्हणाल तर जगात तेवढाच. दरवर्षी आई गेल्या त्या तारखेला संध्याकाळी सहा वाजता हे ती डिस्क लावायचे, फक्त शेवटची धून. एकदाच. मग डिस्क कपाटात. एरवी तिच्या शेवटाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

आता ह्यांच्याबद्दल. अडतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली. कंपनीत ह्यांना 'कानवाले' म्हणत. लिफ्टमध्ये शिरायचे, डोळे मिटायचे, खालून वर एक फेरी मारायचे आणि सांगायचे, "तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये रुळाला तेल नाही, आणि वरचं बेअरिंग महिनाभराचा सोबती आहे." बाकीचे मीटर लावून बसायचे आणि दोन तासांनी तेच सांगायचे. घरात हा कान म्हणजे शिक्षा. मी स्वयंपाकघरात पुटपुटलेलं दिवाणखान्यात ऐकू जातं, आणि पुन्हा शब्दाशब्दाचा जाब.

निवृत्त झाल्यावर हा कान रिकामा झाला आणि आमच्या घरात डबे आले.

झालं असं की ह्यांचा जुना डिस्क प्लेअर कुरकुरायला लागला. बाजारात आवाजाच्या यंत्रांचं एक दुकान आहे. मालक कपाळावर चष्मा चढवून हिंडतो आणि तोच चष्मा शोधत असतो. त्यानं सांगितलं, "काका, आता दोन रस्ते आहेत. एक, घरचा सर्व्हर. डिस्क त्याच्या तोंडात घातली की तो सगळी गाणी उतरवून पोटात ठेवतो, जन्मभर. दुसरा, स्ट्रीमिंग प्लेअर. त्याच्या पोटात काही नसतं, इंटरनेटवरून मागवतो आणि वाजवतो. जगातलं सगळं मिळतं." ह्यांनी विचारलं, "आवाज कुणाचा चांगला?" तो म्हणाला, "यावर लोकांनी मैत्र्या तोडल्यात. तुम्ही दोन्ही पंधरा दिवस घरी न्या."

ह्यांच्या हातात कोलीतच दिलं म्हणायचं. वही आली. आवाज मोजायचं यंत्र आलं, कारण दोघांतला एक जरा जरी मोठा वाजला तरी माणसाला तोच चांगला वाटतो म्हणे. कोणता डबा चाललाय ते दिसू नये म्हणून मध्ये पडदा. मी पडदे शिवते, हा माझा धंदा, तेव्हा पडद्याला तोटा नव्हता. आणि पडद्यामागे मी. माझं काम, हे "हं" म्हणाले की बटण फिरवायचं किंवा नाही फिरवायचं, आणि काय केलं ते गुपचूप लिहून ठेवायचं. सर्व्हरच्या पोटात ह्यांनी तीन डिस्क उतरवल्या. त्यांतल्या पहिल्या मिनिटाचा तुकडा इकडून, तोच तुकडा तिकडून.

"हा सर्व्हर. खर्जाला गोलाई आहे."

"बरं," मी म्हणायचे आणि लिहायचे, स्ट्रीमिंग.

वीस वेळा विचारलं, अकरा बरोबर. हे वहीकडे बघतच राहिले. मी म्हटलं, "अहो, नाणं उडवलं असतं तरी एवढं आलं असतं." दुसरा कुणी असता तर वही फाडली असती, माझ्यावर खापर फोडलं असतं. ह्यांनी पुन्हा वीसदा केलं. नऊ. मग पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "फरक नाही. मला तरी ऐकू येत नाही, आणि मला येत नाही म्हणजे नाही." त्या दिवशी मला नवऱ्याचा अभिमान वाटला, हे मी त्यांना सांगितलं नाही, डोक्यावर बसतील म्हणून.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. माती खाल्ली ती पुढे, आणि ती मी.

फरक नाही म्हटल्यावर ह्यांनी स्ट्रीमिंग प्लेअर ठेवला, सर्व्हर परत केला. मी लगेच म्हटलं, "मग आता ह्या डिस्कांचं लोणचं घालायचंय का? माझं कापड जमिनीवर लोळतंय. ते कपाट मला द्या." सहाशे बारा डिस्क. हे मेकॅनिक माणूस, असेच टाकून देणार नाहीत. एकेक डिस्क हातात घेऊन स्ट्रीमिंगवर शोधली. नाव जुळलं? मुखपृष्ठ जुळलं? मिनिटं-सेकंद जुळली? मगच वहीत बरोबरची खूण. तीन आठवडे चाललं होतं. शेवटी ती डिस्क हातात आली. नाव तेच, चित्र तेच, शेवटची धून सात मिनिटं बेचाळीस सेकंद, तीही तेवढीच. तरी हे घुटमळले.

"ही ठेवू का गं?"

आणि मी म्हणाले, "आहे ना तिकडे? मग? एकीला ठेवलंत की दुसरी रडेल." हे वाक्य माझंच. त्याची आठवण झाली की अजून जीभ चावते.

खोक्यांत भरून सगळ्या डिस्क वाचनालयाच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला दिल्या. कपाटात माझं कापड बसलं.

मग आईची तारीख आली. सहा वाजता ह्यांनी नेहमीसारखे हातपाय धुतले, खुर्ची ओढली, धून लावली. मी दाराशी उभी, दरवर्षी असते तशी. सूर बारीक झाला, आणखी बारीक झाला, विरला. आणि काही नाही. नुसतं गप्प. प्लेअरवरचा आकडा सात-बेचाळीसला जाऊन थांबला.

हे हलले नाहीत. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा स्पीकरला कान लावून ऐकलं. मग माझ्याकडे वळून इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "माझे कान गेले बहुतेक."

मी हेडफोन लावून ऐकलं. माझे कान धड होते. सासूबाई नव्हत्या. खुर्च्यांची करकर नव्हती, ती मधली खोकल्याची उबळ नव्हती. धुऊन-पुसून लख्ख केलेलं व्हायोलिन तेवढं होतं. "तुमचे कान शाबूत आहेत," मी म्हटलं, "त्या मेल्यांनी आईंना पुसून टाकलंय." आणि मला रडूच फुटलं. ज्या बाईला मी कधी बघितलं नाही तिच्यासाठी.

आम्ही पत्र लिहिलं. जुनी कंपनी कधीच बंद पडली होती, ज्यांनी हक्क घेतले होते त्यांचं उत्तर आलं, मोठं गोड. 'नव्या आवृत्तीत आम्ही प्रेक्षागृहातले अनावश्यक आवाज काढून टाकले आहेत. जुनी आवृत्ती उपलब्ध नाही.' अनावश्यक! मी ते पत्र तीनदा वाचलं. माझ्या सासूला अनावश्यक म्हणायचा हक्क असलाच तर माझा आहे, ती कंपनी कोण लागून गेली!

ह्यांनी मात्र नवीन वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं, 'आई परत आणायची.' लिफ्ट बंद पडली की असंच लिहायचे म्हणे, काय करायचं ते एका ओळीत.

हे वाचनालयात गेले. तिथल्या बाईंनी सांगितलं, विक्रीच्या दिवशी खोकी तासाभरात संपली, कुणी काय नेलं ह्याची नोंद नाही. जुन्या डिस्क विकणारी जेवढी दुकानं होती तेवढी पालथी घातली. रेकॉर्ड तर आमच्याकडून बिऱ्हाड बदलताना कधीच फुटली होती. जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांना पत्रं लिहिली, छत्तीस. उत्तरं आली अकरा, सगळी 'नाही' म्हणणारी. मी म्हटलं, "अहो, जरा दम घ्या." म्हणाले, "दम मी चाळीस वर्षं घेतलाय. तिला आत येऊ नकोस म्हणालो होतो, आता मीच तिला घराबाहेर काढलं." घराबाहेर कुणाच्या कपाटापायी काढलं ते मला माहीत होतं.

असे पाच महिने गेले. मग एके दिवशी सकाळी मी पडद्यांची मापं शोधत होते. चुकून हाताला ती जुनी वही लागली, पडद्याआडच्या परीक्षेची. सहज चाळली. पहिल्या पानावर ह्यांच्या सुबक अक्षरात, 'सर्व्हरमध्ये उतरवलेल्या डिस्क, तीन.' आणि तिसरी? तिसरी तीच! तिच्या पहिल्या धुनेचा सुरुवातीचा तुकडा, खोकला-करकर काहीच नसलेला, तपासायला चांगला म्हणून. पण डबा काय तुकडा उतरवत नाही. डिस्क तोंडात घातली की सगळी गिळतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मी अशी ओरडले की हे दाढीचा साबण तोंडावर घेऊन बाहेर आले. वहीत बघितलं. माझ्याकडे बघितलं. साबण तसाच पुसला आणि चपला घातल्या.

दुकानदारानं कपाळावरचा चष्मा शोधला, मग ऐकलं, मग मान हलवली. "काका, तो डबा विकला. आणि परत आलेलं यंत्र आम्ही पुसूनच विकतो."

"तुम्ही स्वतः पुसलंत?"

"पुसलं असेल की."

"'असेल'वर लिफ्ट चालत नाही," हे म्हणाले. "कुणाला विकलात?"

गिऱ्हाईकाचं नाव सांगता येत नाही म्हणाला. आणि त्याचंही बरोबरच होतं. हे म्हणाले, "नाव नका सांगू. तुम्ही फोन करून विचारा. मी बसतो." आणि बसले. त्या दिवशी त्यानं फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी हे पायरीवर. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. आत जाऊन खुर्चीवर बसायचे, संध्याकाळी उठायचे. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, जेवणाचा, तुम्हाला दुसरा वाटेल. दुकानदार मला म्हणाला, "काकू, समजवा ना ह्यांना." मी म्हटलं, "तेहेतीस वर्षं समजावतेय, तुम्हाला जमलं तर मलाही शिकवा." चौथ्या दिवशी ह्यांनी त्याच्या एका महागड्या स्पीकरची सैल जाळी नुसत्या कानानं ओळखून दिली, त्याच्या लोकांना आठवडाभर ती करकर सापडत नव्हती. त्यानं हात टेकले. फोन उचलला.

गिऱ्हाईक एक दातांची डॉक्टर होती. "या म्हणाली," चष्मा खाली आणत दुकानदार म्हणाला. "आत काही गाणी होती म्हणते. तिनं बरीचशी काढून टाकली."

वाटभर हे माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. काढून टाकली, काढून टाकली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. चार खुर्च्या, एक मासिकांचं टेबल, भिंतीवर जबड्याचं चित्र. डॉक्टरीणबाई हातमोजे घालूनच दारात आल्या. वय असेल पस्तीस. ह्यांनी उभ्याउभ्याच विचारलं, "डब्यात तीन अल्बम होते. त्यातला व्हायोलिनचा?"

"दोन मी काढले," त्या म्हणाल्या. "तो नाही काढला. तो तर माझा हुकमी एक्का आहे. बसा, आत पेशंट आहे, दाढ काढायचीय. पाच-सात मिनिटं."

आम्ही बसलो. दार अर्धवट उघडं होतं. आतून व्हायोलिन सुरू झालं. हे ताठ झाले. तीच शेवटची धून, आणि तिच्यात खुर्च्यांची करकर, मधला तो खोकला, सगळी माणसं जागच्या जागी. मी ह्यांचा हात धरला. आत अवजारांची खुडबूड, डॉक्टरीणबाईंचं "झालं हं, झालं, आलीच बघा." सूर बारीक होत गेला. विरला.

"अगं बाई, संपलं?"

आणि आतला पेशंट हसला. तोंडात बोळे, अर्धा जबडा बधिर, तरी खदखदून हसला. डॉक्टरीणबाईही हसल्या. "संपलं हो," त्या म्हणाल्या, "ही बघा तुमची दाढ."

मग त्या बाहेर आल्या आणि सांगायला लागल्या की काय गंमत आहे बघा, धून सुरू करायची आणि ती संपेतो दाढ काढायची, असा माझा नेम आहे. शेवटी ती बाई विचारते तेव्हा रडणारा माणूससुद्धा हसतो. लोक आता मुद्दाम विचारतात, त्या काकू आहेत ना आज? बोलता बोलता त्यांचं लक्ष ह्यांच्याकडे गेलं आणि त्या थांबल्या. हे रडत होते. मोठ्यानं, लहान मुलासारखे, पालथ्या हातानं नाक पुसत. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हे पाहिलं नव्हतं.

"ती माझी आई," हे म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या. ह्यांनी सगळं सांगितलं. भिंतीला टेकून ऐकणारी आई, लोकांचं वळून बघणं, लाज आणलीस म्हणाले ते. तेसुद्धा. त्या ऐकत होत्या. मग उठून त्यांनी स्वतः सगळी डिस्क एका पेन ड्राइव्हवर उतरवून दिली, आणि हलकेच विचारलं, "मी इथलं काढून टाकू का? तुमच्या घरची गोष्ट आहे."

"नको," हे एकदम म्हणाले. "मी तिला आत येऊ नकोस म्हणालो होतो. तुम्ही तिला रोज आत घेता. राहू दे."

आता आमच्या घरी सर्व्हर आहे. त्याच्या पोटात आई आहे, आणि ह्यांच्या हट्टामुळे आणखी तीन ठिकाणी आहे, एक तर माझ्या शिवणाच्या डब्यात. लोक ह्यांना विचारायला येतात, कानवाले, दोन्हींत चांगलं कोणतं? हे वही उघडून अकरा आणि नऊ दाखवतात. आवाज सारखाच, म्हणतात. फक्त एकाचं पोट आपलं असतं.

माझी एक दाढ वर्षभर ठणकत होती. भीतीनं मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यातून निघताना मी नंबर लावला. पुढच्या मंगळवारी खुर्चीत पडले, तोंडात कापूस, जीभ बधिर, डोळे घट्ट मिटलेले. हे बाहेर बसले होते. व्हायोलिन वाजलं, विरलं, आणि सासूबाईंनी विचारलं, "अगं बाई, संपलं?"

पहिल्यांदाच मला विचारत होत्या. तोंड उघडं, उत्तर देता येईना. मी जोरजोरात मान हलवली, नाही म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, हलू नका, खरंच संपलंय!"